वजनाच्या व्यायामातून सुट्टी: कधी घ्यावी, किती घ्यावी आणि परत कसे यावे

वजनाचा व्यायाम नेमाने करणाऱ्या बहुतेक लोकांच्या बाबतीत सुट्टी घेतली जात नाही, खंड पडतो. एखाद्या दिवशी खांदा धरतो, कधी ताप येतो, कधी कामाचा इतका भार येतो की जिमला जाणे जमत नाही, आणि मग दोन-तीन आठवडे नुसती चुटपुट लागून राहते. अशा वेळी विश्रांती मिळते खरी, पण ती हवी तेव्हा आणि हवी तितकी मिळत नाही, आणि रोज ‘आज तरी जायला हवे होते’ असे म्हणत काढलेल्या दिवसांत मनाला विसावाही मिळत नाही. घेतलेली सुट्टी आणि पडलेला खंड या दोन निराळ्या गोष्टी आहेत. विश्रांती आधी ठरवली, तिचे कारण ओळखले आणि परतीचा मार्ग आखून ठेवला, तर ती व्यायामाच्या आराखड्याचाच भाग होते. ते कसे करावे हे येथे तपशिलाने मांडले आहे.

हे मार्गदर्शन मुख्यतः अशा व्यक्तीसाठी आहे, जी किमान सहा महिने, आठवड्यातून तीन ते पाच दिवस, हळूहळू वजन वाढवत व्यायाम करत आली आहे. ज्यांनी नुकतीच सुरुवात केली आहे त्यांची वजने अजून त्यांच्या खऱ्या क्षमतेपेक्षा बरीच कमी असतात. त्यांना आठवड्यातले नेहमीचे विश्रांतीचे दिवस पुरतात, वेगळ्या सुट्टीचा विचार त्यांनी इतक्यात करू नये.

थकवा कशाचा आहे?

व्यायामाच्या प्रत्येक सत्रातून शरीराला दोन गोष्टी मिळतात: थोडी क्षमता आणि बराच थकवा. कॅनडातील संशोधक एरिक बॅनिस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली ही कल्पना गणिती रूपात मांडली. त्यांच्या मांडणीनुसार आपली त्या दिवशीची कामगिरी म्हणजे साठलेल्या क्षमतेतून साठलेला थकवा वजा केल्यावर जे उरते ते. क्षमता सावकाश वाढते आणि सावकाशच ओसरते, थकवा मात्र झपाट्याने चढतो आणि थांबले की झपाट्याने उतरतो. आठवडाभर हलका व्यायाम करून परतल्यावर एखाद्याला पूर्वीपेक्षा जास्त वजन सहज उचलता येते, त्यामागे हेच कारण असते. त्या आठवड्यात नवी ताकद निर्माण झालेली नसते, आधीच कमावलेल्या ताकदीवरचे थकव्याचे आवरण तेवढे दूर झालेले असते.

येथे एक प्रचलित समज दुरुस्त करायला हवा. ‘स्नायूंची झीज भरून यावी म्हणून आठवडाभर सुट्टी घ्यावी’ असे अनेकदा सांगितले जाते. प्रत्यक्षात एका सत्रानंतर स्नायूंमध्ये प्रथिने बांधण्याचा वाढलेला वेग साधारण एक ते दोन दिवसांत पूर्ववत होतो आणि नेहमीच्या व्यायामाने दुखावलेले स्नायू काही दिवसांत सावरतात. तेवढ्यासाठी आठवड्यातले विश्रांतीचे दिवस पुरेसे असतात. लांब सुट्टीची गरज प्रामुख्याने इतर दोन ठिकाणी असते. पहिले ठिकाण म्हणजे सांधे आणि स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा. त्यांचा रक्तपुरवठा तुलनेने कमी असतो आणि वाढत्या भाराशी त्या स्नायूंपेक्षा सावकाश जुळवून घेतात. स्नायू पुढच्या वजनाला तयार झालेला असतो, पण कोपरातली किंवा गुडघ्याखालची कंडरा अजून मागच्या महिन्याचाच भार पचवत असते. दुसरे ठिकाण म्हणजे मन आणि एकूण शरीराची अवस्था: झोप, भूक, चित्ताची स्थिरता, जिमच्या दारात उभे राहताना वाटणारी ओढ किंवा तिचा अभाव.

विश्रांतीच्या आठवड्याने स्नायू अधिक वाढतात असा दावा मी करणार नाही, कारण उपलब्ध अभ्यास तसे दाखवत नाहीत. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात नियमित व्यायाम करणाऱ्या तरुणांच्या एका गटाने नऊ आठवड्यांच्या मध्यावर एक आठवडा पूर्ण विश्रांती घेतली आणि दुसऱ्या गटाने अखंड व्यायाम केला. स्नायूंच्या वाढीत दोन्ही गट सारखेच राहिले आणि पायांच्या ताकदीत अखंड व्यायाम करणारे किंचित पुढे गेले. मग सुट्टी घ्यायचीच कशाला? माझ्या मते तिचा उपयोग नऊ आठवड्यांच्या मापाने मोजता येत नाही. दुखापत, कंटाळा आणि अर्धवट सोडलेला व्यायाम यांचा हिशेब वर्षांच्या मापाने होतो, आणि ज्याला दहा वर्षे वजने उचलायची आहेत त्याने याच मापाने विचार करावा.

गमावण्याची भीती

सुट्टी न घेण्याचे सर्वांत मोठे कारण भीती हे असते. ‘बॉडी उतरेल’ हे वाक्य प्रत्येक जिममध्ये ऐकू येते, आणि विशेष म्हणजे चार दिवसांनी आरशात तसे दिसतेही. हे दिसणे खोटे नसते, पण त्याचा अर्थ चुकीचा लावला जातो. नियमित व्यायाम करणाऱ्याच्या स्नायूंमध्ये ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवून ठेवलेल्या साखरेचा, साठा मोठा असतो आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवले जाते. व्यायाम थांबला की हा साठा कमी होतो, पाणी कमी होते, आणि व्यायामानंतर काही काळ राहणारा फुगीरपणाही नसतो. त्यामुळे दंड सपाट भासतात आणि काट्यावर किलो-दीड किलो कमी दिसते. यात स्नायूंची ऊती गेलेली नसते, आणि व्यायाम पुन्हा सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत पूर्वीचा भरीवपणा परत येतो.

ताकदीच्या बाबतीत परिस्थिती आणखी आश्वासक आहे. प्रशिक्षित व्यक्तीची कमाल ताकद साधारण तीन आठवड्यांच्या पूर्ण विश्रांतीपर्यंत बरीचशी टिकून राहते. दमसास मात्र लवकर घटतो, कारण रक्तातील द्रवाचे प्रमाण काही दिवसांतच कमी होऊ लागते. म्हणूनच सुट्टीनंतर पहिल्या सत्रात धाप लागते आणि माणूस ‘सगळे गेले’ अशी समजूत करून घेतो, जरी बारवरचे वजन जवळपास तेवढेच उचलले जात असते.

आणखी लांब खंडांबद्दलही चांगली माहिती आहे. जपानमधील संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तरुणांच्या एका गटाने २४ आठवडे सलग बेंच प्रेस (बाकावर उताणे झोपून छातीवरून वजन वर ढकलण्याचा व्यायाम) केला, तर दुसऱ्या गटाने सहा आठवडे व्यायाम आणि तीन आठवडे सुट्टी असा क्रम ठेवला. अखेरीस स्नायूंचा आकार आणि ताकद या दोन्ही बाबतीत दोन्ही गट जवळपास एकाच ठिकाणी पोहोचले, कारण प्रत्येक सुट्टीनंतर दुसऱ्या गटाची प्रगती अधिक वेगाने होत होती. फिनलंडमधील २०२४ सालच्या अभ्यासात मध्ये तब्बल दहा आठवड्यांचा खंड ठेवला होता. त्या काळात स्नायूंचा आकार ताकदीपेक्षा अधिक घटला, पण परतल्यावर पहिल्या पाच-एक आठवड्यांतच दोन्ही भरून निघाले. हे दोन्ही प्रयोग नवख्या लोकांवर झाले होते, त्यामुळे वर्षानुवर्षे व्यायाम केलेल्या व्यक्तीने ते आकडे जसेच्या तसे स्वतःला लावू नयेत, तरी आठवड्याच्या सुट्टीने धास्तावण्याचे कारण नाही, इतके त्यांतून स्पष्ट होते. कमावलेला स्नायू दुसऱ्यांदा लवकर का कमावता येतो याचे एक स्पष्टीकरण उंदरांवरील प्रयोगांतून पुढे आले आहे. स्नायू वाढताना त्याच्या तंतूंमध्ये नवी केंद्रके येतात आणि स्नायू आक्रसल्यावरही ती तेथेच राहतात, असे २०१० साली नॉर्वेतील संशोधकांनी दाखवले.

मात्र विश्रांती आणि निश्चलता यांत गल्लत करू नये. पायाला प्लास्टर घातलेल्या निरोगी तरुणांच्या मांडीचा स्नायू पाच दिवसांत सुमारे साडेतीन टक्के आणि दोन आठवड्यांत सुमारे आठ टक्के घटल्याची नोंद एका अभ्यासात आहे. वजने खाली ठेवली तरी चालणे, जिने चढणे, घरातली कामे करणे चालू असेल, तर असा वेग कधीच येत नाही. सुट्टी बारबेलपासून घ्यायची आहे, हालचालीपासून नाही.

सुट्टीची वेळ ओळखणे

यासाठी एक वही लागते. व्यायामाची नोंद न ठेवणाऱ्याला सुट्टी कधी घ्यावी हे नीट ठरवता येत नाही, कारण त्याच्याजवळ ‘आज जड वाटले’ या आठवणीपलीकडे काही नसते. प्रत्येक सत्रात वजन, रेप (हालचालीची एक-एक आवृत्ती) आणि सेट (न थांबता केलेल्या रेपचा एक फेरा) लिहावेत. शेवटच्या सेटनंतर आणखी किती रेप जमल्या असत्या याचा प्रामाणिक अंदाज लिहावा. जोडीला आदल्या रात्रीची झोप आणि कोणता सांधा कुरकुरतो आहे, एवढे दोन शब्द पुरेत. ही नोंद करायला दोन मिनिटेही लागत नाहीत.

एका वाईट दिवसावरून काहीही ठरवू नये. झोप झाली नाही, जेवण चुकले, कामाचा ताण होता, अशा कारणांनी एखादे सत्र फसतेच. पण तेच वजन सलग दोन आठवडे, दोन-तीन वेगवेगळ्या व्यायामांत अधिक जड होत चालले असेल, पूर्वी दोन रेप शिल्लक राहत तेथे आता एकही राहत नसेल, तर तो थकवा साठल्याचा भरवशाचा पुरावा आहे. सकाळी उठल्यावर मोजलेली नाडी नेहमीपेक्षा बरेच दिवस चढी राहणे, थकूनही झोप न लागणे, भूक मंदावणे, क्षुल्लक गोष्टींवरून चिडचिड होणे, ही चिन्हेही लक्षात घ्यावीत, पण ती इतर कारणांनीही उद्भवतात म्हणून त्यांचा विचार वहीतल्या आकड्यांच्या जोडीने करावा.

सांध्यांच्या तक्रारीचा स्वभाव ओळखण्यासारखा असतो. व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक जाणवणारी स्नायूंची दुखरी जडता बोटाने दाखवता येत नाही; ती पूर्ण मांडीभर किंवा पूर्ण छातीभर पसरलेली असते आणि आपोआप ओसरते. कंडरेचे दुखणे मात्र एका बिंदूवर असते, सकाळी ताठरपणा आणते, सुरुवातीच्या हलक्या सेटनंतर गायब होते आणि व्यायाम संपल्यावर किंवा दुसऱ्या दिवशी पुन्हा डोके वर काढते. मधल्या वेळेत ते गायब होते, आणि तेथेच माणूस फसतो. माझ्या उजव्या कोपराने मला ही सूचना जवळजवळ दोन महिने दिली होती आणि ‘गरम झाल्यावर थांबते’ एवढ्या आधारावर मी ओढण्याचे सर्व व्यायाम चालू ठेवले. पुढे सहा महिने मला पाण्याने भरलेली बादलीसुद्धा डाव्या हाताने उचलावी लागली. योग्य वेळी घेतलेल्या दोन हलक्या आठवड्यांनी हे बहुधा टळले असते, असे मला आजही वाटते.

वेदनाशामक गोळी घेऊन व्यायाम करण्याची सवय काहींना असते, ती सोडावी. सूचना देणारा आवाज दाबल्याने भार कमी होत नाही. हात किंवा पाय बधिर होणे, मुंग्या येणे, सांधा सुजणे, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे किंवा उचलताना ‘कट्’ असा आवाज होऊन ताकदच जाणे, यांपैकी काहीही झाल्यास सुट्टीचे नियोजन बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवावे.

लक्षणांची वाट न पाहता ठरावीक काळाने हलका आठवडा घेणे हा दुसरा मार्ग आहे आणि बहुतेकांना मी तोच सुचवतो, कारण थकलेल्या माणसाचा स्वतःच्या थकव्याबद्दलचा अंदाज फारसा विश्वासार्ह नसतो. पॉवरलिफ्टिंग आणि शरीरसौष्ठव यांसारख्या खेळांतील स्पर्धकांच्या एका पाहणीत, साधारण साडेपाच आठवड्यांनी एकदा, सुमारे सहा-सात दिवसांचा हलका टप्पा घेण्याची सरासरी आढळली होती. स्पर्धेत न उतरणाऱ्या व्यक्तीला सहा ते आठ आठवड्यांचे अंतर पुष्कळ आहे. वजन घटवण्यासाठी कमी खाणाऱ्यांनी, चाळिशी ओलांडलेल्यांनी आणि ज्यांच्या घरात तान्हे मूल आहे त्यांनी हे अंतर चार-पाच आठवड्यांवर आणावे.

हलका आठवडा कसा आखावा

हलक्या आठवड्यात जिमला जायचे असते, नेहमीच्या दिवशी आणि नेहमीच्या वेळी. सवय मोडत नाही हा त्याचा मोठा गुण आहे. बदलायचे असते ते कामाचे प्रमाण, आणि काय बदलायचे हे थकवा कोठे आहे त्यावर ठरवावे. सगळ्यांना एकच ‘निम्मे करा’ हा सल्ला देण्याची पद्धत मला पटत नाही.

समजा एखादी व्यक्ती १०० किलोने सहा रेपचे चार सेट स्क्वॅट (खांद्यांवर वजन घेऊन बैठका) करते. थकवा सर्वसाधारण असेल, म्हणजे सगळेच थोडे जड वाटत असेल, तर त्या आठवड्यात ८५ किलोने पाच रेपचे दोन सेट करावेत. सेट निम्मे होतात, वजन थोडे घटते आणि प्रत्येक सेटच्या शेवटी चार-पाच रेप सहज शिल्लक राहतात. हालचालीचा सराव कायम राहतो, थकवा मात्र वाढत नाही. तक्रार सांध्यांची असेल तर वजन अधिक उतरवावे, ६० ते ६५ किलोपर्यंत, आणि दहा-बारा रेपचे दोन-तीन सेट अगदी संथपणे, खाली जाताना तीन-चार सेकंद घेऊन करावेत. दुखऱ्या सांध्याला नेमका जो व्यायाम डिवचतो तो त्या आठवड्यात गाळून त्याच्या जागी न दुखणारा जवळचा प्रकार घ्यावा: बारबेलऐवजी डंबेल, पूर्ण खोलीऐवजी न दुखणाऱ्या मर्यादेपर्यंतची हालचाल. आणि थकलेले मन असेल, तर आकड्यांची वही चक्क घरी ठेवावी, एरवी वेळ न मिळणारे व्यायाम करावेत, अर्ध्या तासात बाहेर पडावे.

हलक्या आठवड्यात लोक हमखास एक चूक करतात. तिसऱ्या दिवशी अंग ताजेतवाने वाटू लागते, वजन हाताला कापसासारखे लागते, आणि ‘आज एक जड सेट मारून पाहू’ असा मोह होतो. तो ताजेपणा पुढच्या आठवड्यासाठी राखून ठेवायचा आहे. सत्र संपल्यावर ‘काही केलेच नाही’ असे वाटत असेल तर आठवडा बरोबर चालला आहे.

पूर्ण सुट्टी

वर्षातून एक-दोनदा, सात ते दहा दिवस वजनांना हातही न लावणे मी आवश्यक मानतो. स्पर्धेनंतर, कमाल वजनाची चाचणी घेतल्यानंतर किंवा सलग चार-पाच महिन्यांच्या कडक टप्प्यानंतर ही वेळ साधावी. प्रवास, सण, परीक्षा किंवा घरातले कार्य आधीच माहीत असेल तर सुट्टी तेथेच बसवावी. नाहीतरी त्या दिवसांत व्यायाम अर्धवटच होणार असतो, आणि अर्धवट व्यायामाची रुखरुख करत बसण्यापेक्षा त्याआधीचे दोन आठवडे थोडे अधिक जोर लावून मग निश्चिंत मनाने थांबणे चांगले.

या दिवसांत काय करावे याचे उत्तर साधे आहे: चालावे, पोहता येत असेल तर सावकाश पोहावे, सांधे मोकळे करावेत आणि झोप वाढवावी. व्यायामाची जी वेळ होती ती चालण्यासाठी राखून ठेवली तर परतताना ती वेळ पुन्हा शोधावी लागत नाही. मोकळा वेळ मिळाला म्हणून अचानक लांब पळायला सुरुवात करणे किंवा डोंगर चढायला जाणे म्हणजे सुट्टी नव्हे, कारण अनोळखी भार हा ओळखीच्या भारापेक्षा जास्त दुखावतो.

जेवणाबाबत उलटसुलट टोके गाठली जातात. व्यायाम नाही म्हणून काही जण जेवण निम्म्यावर आणतात आणि नेमकी त्याच आठवड्यात प्रथिनेही तोडतात. स्नायू राखण्यासाठी दररोज शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे सुमारे १.६ ग्रॅम प्रथिने हे प्रमाण सुट्टीतही तसेच ठेवावे. खर्च होणारी ऊर्जा थोडी कमी झालेली असते, तेव्हा भूक सांगेल तेवढे खावे, पण आठवड्यासाठी वेगळा आहार बसवण्याची गरज नाही. वजनकाटा आणि मोजपट्टी मात्र या दिवसांत कपाटात ठेवावी, कारण त्यांवर दिसणारा फरक बहुतांशी पाण्याचा असतो आणि मनाला उगाच त्रास देतो.

तापाच्या आजारात सुट्टी ही निवड राहत नाही. ताप, अंगदुखी किंवा छातीतला खोकला असताना जोराचा व्यायाम करू नये. काही विषाणूजन्य आजारांत हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते आणि अशा वेळचा परिश्रम जिवावर बेतू शकतो. ताप पूर्ण उतरून नेहमीची कामे विनासायास जमू लागल्यावर आणखी काही दिवस थांबावे. परतल्यावर छातीत दुखले, धडधडले किंवा श्रमाच्या मानाने फार धाप लागली तर त्याच क्षणी थांबून वैद्यकीय तपासणी करून घ्यावी.

खंड लांबणार असेल तर

तीन आठवड्यांहून अधिक काळ नेहमीचा व्यायाम जमणार नाही हे दिसत असेल, तर पूर्ण थांबण्यापेक्षा थोडेसे चालू ठेवणे फार मोलाचे ठरते. किती थोडे पुरते, हे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चांगले दिसले. १६ आठवडे व्यायाम केलेल्या लोकांनी पुढचे ३२ आठवडे पूर्वीच्या फक्त एक तृतीयांश किंवा एक नवमांश एवढाच व्यायाम केला. तरुणांनी एक नवमांशावरही स्नायूंचा आकार राखला. साठी ओलांडलेल्यांची ताकद टिकली, पण आकार टिकवायला तेवढा व्यायाम अपुरा पडला. व्यवहारात याचा अर्थ असा की तरुणाने आठवड्यातून एक सत्र काढावे, त्यात एक बसण्या-उठण्याचा, एक ढकलण्याचा आणि एक ओढण्याचा व्यायाम प्रत्येकी एक-दोन सेट करावा. वजन शक्यतो पूर्वीच्या जवळचे ठेवावे, कारण कपात सेटमध्ये केलेली चालते, वजनात केलेली तितकी चालत नाही. ज्येष्ठांनी अशी दोन सत्रे काढावीत. वजने उपलब्धच नसतील तर दंड, बैठका आणि एका पायावरच्या बैठका दमेपर्यंत कराव्यात.

परतणे

सुट्टी घेताना लोक जितका विचार करतात त्याहून अधिक विचार परतीचा करायला हवा, कारण सुट्टीत फारसे नुकसान होत नाही, परतताना मात्र ते सहज होऊ शकते. नियमित व्यायामाने स्नायूंना त्या विशिष्ट भारापासून एक संरक्षण मिळालेले असते, त्यामुळे नेहमीचे सत्र फारसे दुखत नाही. काही आठवडे ते सत्र झाले नाही की हे संरक्षण ओसरू लागते. ताकद मात्र बरीच शिल्लक असते. म्हणजे जुने वजन उचलता तर येते, पण स्नायू ते सोसायला तयार नसतो. या विसंगतीची किंमत मी एकदा मोजली आहे: पाच आठवड्यांच्या खंडानंतर पहिल्याच दिवशी पायांचे संपूर्ण जुने सत्र केले, त्या वेळी काहीच त्रास झाला नाही, आणि पुढचे पाच दिवस मला जिना उलटा, कठड्याला धरून उतरावा लागला.

मी पाळतो ती मापे अशी आहेत. आठवडाभराच्या सुट्टीनंतर जुनीच वजने घ्यावीत, फक्त पहिल्या एक-दोन सत्रांत प्रत्येक व्यायामाचा एक सेट कमी करावा. दोन ते तीन आठवड्यांनंतर ८० ते ८५ टक्के वजनाने आणि निम्म्या सेटने सुरुवात करून दोन आठवड्यांत पूर्वपदावर यावे. महिना ते तीन महिन्यांच्या खंडानंतर ६० ते ७० टक्के वजन, प्रत्येक व्यायामाचे दोनच सेट आणि दर आठवड्याला पाच-दहा टक्क्यांची वाढ, असा महिना-दीड महिन्याचा रस्ता धरावा. सहा महिन्यांहून अधिक काळ लोटला असेल तर जुने आकडे विसरून, निम्म्या वजनाने, जवळजवळ नवख्यासारखी सुरुवात करावी. प्रगती नवख्यापेक्षा निश्चितच लवकर होईल. आजारपणानंतर यातली प्रत्येक पायरी एक इयत्ता खाली धरावी.

पहिल्या सत्रानंतर दुसरे सत्र किमान दोन दिवसांनी ठेवावे. पहिल्या दिवशी संध्याकाळी ‘काहीच दुखत नाही’ म्हणून दुसऱ्या दिवशी भार वाढवू नये, कारण दुखणे २४ ते ७२ तासांत शिगेला पोहोचते. वजन सावकाश खाली आणण्याचे व्यायाम, लांब लंजेस (एक पाय पुढे टाकून गुडघ्यात वाकणे), आणि दम निघेपर्यंत केलेले सेट पहिल्या दोन आठवड्यांत टाळावेत, कारण स्नायू ताणला जात असताना पेललेला भार सर्वाधिक दुखावतो.

परतीच्या अतिउत्साहाचा एक गंभीर धोका प्रत्येकाला माहीत असायला हवा. न झेपणारा व्यायाम एकदम केल्यास स्नायूंच्या पेशी मोठ्या प्रमाणावर फुटून त्यांतले घटक रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. वैद्यकात याला ऱ्हॅब्डोमायोलिसिस म्हणतात. स्नायूंना असह्य वेदना व सूज, हात किंवा पाय वाकवताच न येणे आणि लघवीचा रंग गडद तपकिरी, कोऱ्या चहासारखा होणे, ही त्याची चिन्हे आहेत. लघवीचा रंग असा दिसल्यास घरी वाट पाहू नये, थेट रुग्णालयात जावे.

परतीच्या काळात वहीचा उपयोग पुन्हा होतो. सुट्टीआधीच्या शेवटच्या आठवड्याचे आकडे उघडून त्यांच्या शेजारी परतीच्या वजनांचा रकाना आधीच, म्हणजे सुट्टी सुरू होण्यापूर्वी भरून ठेवावा. जिममध्ये उभे राहून, ताज्या अंगाने आणि ओळखीच्या लोकांच्या नजरेसमोर वजन ठरवायला गेले तर ते हटकून जास्त ठरते. कागदावर ६५ किलो लिहिले असेल तर ६५च लावावे, कितीही हलके वाटले तरी. आणि जुनी वजने पूर्ववत झाली की त्याच पानाच्या कडेला सहा आठवड्यांनंतरची तारीख, पुढच्या हलक्या आठवड्यासाठी, टाकून ठेवावी.